फॉरमॅट मारणे

फॉरमॅट मारणे : संगणकाच्या डिस्कवरची जुनी कार्यप्रणाली पुसून ती नव्याने बसवणे. सांगली-साताऱ्याच्या दुकानांत यालाच ‘विंडोज मारणे’ किंवा ‘विंडोज टाकणे’ म्हणतात. व्हायरस, सारखे हँग होणे, डिस्क बदलणे, मशीन विकणे ही नेहमीची कारणे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून विंडोज ११ टाकून घेणारेही आले. त्यासाठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. जुन्या हार्ड डिस्कमुळे रखडणारे मशीन मात्र फॉरमॅटने फारसे सुधारत नाही. तिथे एसएसडीच (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाकावी.

‘सी उडतो, डी राहतो’ हा या कामातला जुना भरवसा. सी म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, डी म्हणजे दुसरा. डिस्कचे दोन-तीन भाग पाडून देण्याची पद्धत होती तोवर तो बराचसा खराही होता. आता पुष्कळ लॅपटॉपांना एकच भाग असतो, आणि डी असला तरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे सीवरच साठते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात टॅली प्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर बसवलेले असेल, तर हिशेब सीमधल्या ‘यूजर्स’, त्यातल्या ‘पब्लिक’ फोल्डरात सापडतो. ‘डेटा’ उघडला की आकड्यांच्या नावाची फोल्डरे दिसतात, प्रत्येक फर्मचे एक. ती घ्यायची. डेस्कटॉपवरचे टॅलीचे चिन्ह पेनड्राइव्हवर ओढून बॅकअप झाला असे समजणारे अजून भेटतात. तो नुसता दोन-तीन केबीचा शॉर्टकट असतो. टॅलीचे लायसन्सही आधी सरेंडर करावे, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्यावे.

दुसरा धोका बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीचा. तो चालू असेल तर डीसुद्धा कुलूपबंद असू शकतो आणि त्याची किल्ली सीबरोबर पुसली जाते. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी लिहून घेतली नाही, तर डी जागेवर दिसतो पण उघडत नाही.

बसवण्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करतात. त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. मशीन चालू करताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबले की बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचे याची यादी) येतो. खरी चूक होते ती पुढच्या पार्टिशनच्या (डिस्कचा भाग निवडण्याच्या) पडद्यावर. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील, तर ‘ड्राइव्ह ०’ एसएसडीच असेल असे नाही. आकार बघावा : २५६ जीबीची एसएसडी तिथे २३८ दिसते, १ टीबीची हार्ड डिस्क ९३१. शक्यतो दुसऱ्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी. नाहीतर बूटची फाइल तिच्यावर जाऊन बसते आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

डिस्क दिसतच नसेल, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत बहुधा व्हीएमडीचा (डिस्क हाताळणाऱ्या इंटेलच्या व्यवस्थेचा) ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखवणारे छोटे सॉफ्टवेअर, द्यावा लागतो. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असल्याची तक्रार आली, तर शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट या आज्ञा देण्याच्या साधनात ती डिस्क निवडायची, मग ‘क्लीन’ आणि नव्या पद्धतीसाठी ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ने त्या डिस्कवरचे सगळेच भाग जातात, डीही.

पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढला नाही, तर काही मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतात आणि काम पहिल्या पडद्यावर येते. लाइट जाणारी वेळ असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर घ्यावा.

विंडोजची प्रॉडक्ट की विचारल्यास ‘माझ्याकडे नाही’ निवडून आधीचीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्यावी. मदरबोर्डशी जोडलेले मूळ लायसन्स इंटरनेट मिळाल्यावर आपोआप लागते. वाय-फायचा ड्रायव्हर सापडत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट मशीनला द्यावे. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्येच (पेनड्राइव्हसारख्या उपकरणात) असते, पण त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधले मजकूर फॉन्ट नसला की निव्वळ खुणा दिसतात. मंगल फॉन्टही आता ‘ऑप्शनल फीचर्स’मधून वेगळा घ्यावा लागतो.

मशीन विकायचे असेल तर एवढ्याने भागत नाही. साध्या फॉरमॅटने फाइलींची यादीच जाते, मजकूर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला सापडू शकतो. हार्ड डिस्कवर डिस्कपार्टच्या ‘क्लीन ऑल’ने शून्ये भरतात, १ टीबीला दोन-तीन तास लागतात. एसएसडीला तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले किंवा बायोसमधले (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधले) सिक्युअर इरेज वापरावे.