एकच ‘अनुदान’, दोन वेगळे पैसे

“सर, उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करायचं मशीन बनवलंय आम्ही. याला शासनाचं अनुदान आहे का?”

असा फोन महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मशीन बदलतं, प्रश्न तोच. मी विचारतो, “अनुदान मशीन बनवायला हवंय की विकायला?” पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर येतं, “दोन्हीला चालेल की.”

चालेल, पण ते दोन पैसे एका तिजोरीतून एका वाटेनं येत नाहीत. आपल्याकडे शब्द मात्र एकच. ‘अनुदानित शाळा’ म्हणतो तेव्हा संस्था चालावी म्हणून दिलेली रक्कम डोळ्यांपुढे असते. ‘ठिबकचं अनुदान’ म्हणतो तेव्हा वस्तूच्या किमतीतला सरकारनं उचललेला वाटा. पहिली ग्रँट, दुसरी सबसिडी. गंमत म्हणजे पारावर बसलेला माणूस सबसिडीला सबसिडीच म्हणतो. घोळ होतो तो शासन निर्णयात, जाहिरातीत आणि अर्जात, कारण तिथं दोन्हींचं मराठी ‘अनुदान’ होतं.

ग्रँट मिळते ती अजून नसलेल्या गोष्टीसाठी. कल्पना आहे, कागदावर आकृती आहे, फार तर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून उभा केलेला एक सांगाडा आहे. तो चालेल की नाही, हे कुणालाच माहीत नाही. बँक अशाला उभं करत नाही, म्हणून सरकार म्हणतं, करून बघ, फसलं तर आमचे पैसे गेले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत देते. काम जैवतंत्रज्ञानाच्या अंगानं जाणारं असेल, म्हणजे शेतकचऱ्यापासून इंधन किंवा सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू वगैरे, तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची ‘बिग’ ग्रँट आहे. ती 50 लाखांपर्यंत असते आणि मुदत 18 महिन्यांची. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर तिचं एक भागीदार केंद्र आहे.

परत करायची नसते म्हणून ग्रँट म्हणजे फुकटचा पैसा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा यूसी भरून बघावं. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मंजूर पत्रात रक्कम शीर्षांनुसार फोडलेली असते: उपकरणं इतकी, कच्चा माल इतका, मनुष्यबळ इतकं, प्रवास इतका. एका टीमचे कागद माझ्यासमोर आले, तेव्हा त्यांनी उपकरणांच्या शीर्षातले वाचलेले 38 हजार रुपये परस्पर प्रवासात वळवले होते. पैसे कामासाठीच गेले होते, शेतात चाचण्या घ्यायला गाडी लागली होती. पण आधी लेखी परवानगी नव्हती. पुढचा हप्ता चार महिने अडला, आणि तेवढ्यात उसाचा हंगाम संपून चाचणीसाठी पाचटच उरलं नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे ग्रँटच्या पैशावर बँकेत सुटलेलं व्याजसुद्धा सरकारजमा करायचं असतं. ग्रँटमधून घेतलेलं यंत्र न विचारता विकता येत नाही. थोडक्यात, ग्रँटचा पैसा तुमचा नसतो. तो तुमच्याकडे कामापुरता ठेवलेला असतो.

सबसिडीचं उलटं. तिथं तुमचं मशीन कसं बनलं, किती रात्री जागलात, याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. वस्तू तयार आहे, प्रमाणित आहे, यादीत आहे आणि ती अमुक माणसाच्या छपरावर, शेतात किंवा पार्किंगमध्ये लागली, एवढं सिद्ध झालं की नगामागे ठरलेली रक्कम सुटते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्तला 78 हजार. पॅनल बसलं, नेट मीटर लागला, तपासणी झाली की पैसे घरमालकाच्या खात्यात. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ही चाल पाठ आहे: आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल, मग मोका तपासणी, मग (कधीतरी) खात्यात रक्कम. इथं यूसी नाही, शीर्षं नाहीत, आणि मिळालेल्या पैशाचं काय केलंत हे कुणी विचारत नाही.

इथं बरेच जण एक सोपी खूण लक्षात ठेवतात: ग्रँट बनवणाऱ्याला, सबसिडी घेणाऱ्याला. ही खूण फसवते. हरित हायड्रोजन अभियान बघा. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या या अभियानाचा एकूण खर्च 19,744 कोटी. त्यातले 17,490 कोटी ‘साइट’ या प्रोत्साहन कार्यक्रमाला आहेत, आणि ते जातात उत्पादकांनाच. तरी ही ग्रँट नव्हे. हायड्रोजनपुरतं बोलायचं तर रक्कम तयार झालेल्या किलोमागे मोजली जाते, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 50 रुपये, मग 40, मग 30. किलो नाही तर रुपया नाही. त्याच अभियानात पथदर्शी प्रकल्पांना 1,466 कोटी आणि संशोधनाला 400 कोटी ठेवलेत, तो ग्रँटच्या जातीचा पैसा. म्हणून पैसा कुणाच्या खात्यात पडतो ते बघू नका, कशाच्या बदल्यात पडतो ते बघा. प्रयत्नाच्या बदल्यात असेल तर ग्रँट, नगाच्या किंवा किलोच्या बदल्यात असेल तर सबसिडी. (या दोन आकड्यांतलं अंतर, 400 आणि 17,490, बघून मला दर वेळी जरा खट्टू व्हायला होतं. पण तो वेगळा विषय.)

नगामागची रक्कम नगाइतकीच बेभरवशाची असते, हे इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना विचारा. समजा 2.5 किलोवॉट-तास बॅटरीची स्कूटर आहे, कारखान्यातून बाहेर पडतानाची किंमत 1 लाख. जून 2021 नंतर फेम-2 या इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या केंद्राच्या सबसिडी योजनेत किलोवॉट-तासाला 15 हजार मिळत, मर्यादा किमतीच्या 40 टक्के. म्हणजे 37,500 रुपये. जून 2023 मध्ये दर 10 हजारांवर आणि मर्यादा 15 टक्क्यांवर आली. त्याच स्कूटरला 15,000. 2024 मध्ये 10,000. फेमनंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे एप्रिल 2025 पासून, 5,000. स्कूटरचा एक बोल्टही बदललेला नाही. ज्या कंपनीनं 37,500 धरून किमतीचं गणित मांडलं असेल, तिची अवस्था वेगळी सांगायला नको. शिवाय ही रक्कम ग्राहकाच्या बिलातून आधीच वजा होते आणि कंपनी ती मागाहून सरकारकडून वसूल करते. देशी सुट्या भागांची अट मोडल्याच्या तक्रारी आल्यावर 2022-23 मध्ये अनेक कंपन्यांचे दावे तपासणीत अडकले. गाड्या विकून झाल्या होत्या, सवलत देऊन झाली होती, पैसे यायचे होते. अशा वेळी लहान कंपनीचं खेळतं भांडवलच गोठतं.

आता मूळ फोनकडे येऊ. “दोन्हीला चालेल” म्हणणाऱ्या त्या मुलाला खरी अडचण दोन्हींच्या मधे येणार आहे. ग्रँट नमुन्याला मिळते आणि नमुना चालला की थांबते. सबसिडी सुरू होते ती वस्तू यादीत आल्यावर. सौर पॅनलला मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त मॉडेल-उत्पादकांच्या यादीत नाव लागतं, गाडीला एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकरी महावितरणनं निवडलेल्या पुरवठादारांतूनच एक निवडतो. मधला रस्ता, म्हणजे पहिले पन्नास नग, साचे, चाचण्यांची फी, परत आलेले नग दुरुस्त करणारा माणूस, हा कुणाच्याच शीर्षात बसत नाही.

आणि ‘बाजारात आणण्यासाठी अनुदान’ अशी जाहिरात दिसली तर मंजूर पत्र दोनदा वाचा. 2021 मध्ये 945 कोटींची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली. तिच्यात संकल्पना सिद्ध करायला, नमुन्याला आणि चाचण्यांना 20 लाखांपर्यंत ग्रँट आहे. पण बाजारात उतरायला आणि व्याप वाढवायला जे 50 लाखांपर्यंत मिळतात, ते कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात. ती परत करायची किंवा हिस्सा देऊन फेडायची रक्कम आहे. “आम्हाला 70 लाखांची ग्रँट लागली” असं फेसबुकवर टाकणारे मला भेटलेत. 1996 पासून काम करणारं तंत्रज्ञान विकास मंडळही असंच. तंत्रज्ञान बाजारात नेणं हेच त्याचं काम, पण मुख्य साधन आहे 5 टक्के सरळव्याजाचं कर्ज, प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत, वर रॉयल्टी. माझ्या मते हे रास्तही आहे. वस्तू विकली जाणार असेल तर तिच्या नफ्यातून थोडं परत मागायला हरकत काय? फक्त त्याला अनुदान म्हणू नये.

सबसिडीला नगांचं वेड असतं, त्याचा जुना दाखला आपल्या स्वयंपाकघरातला आहे. निर्धूर चूल. 1980 च्या दशकात केंद्रानं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. 2002 मध्ये तो थांबवला, तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली होती. किंमतीतला मोठा वाटा सरकारचा. पण पैसा बसवलेल्या चुलीमागे होता, पेटणाऱ्या चुलीमागे नव्हता. ज्या घरात त्या चुलीवर मोठं पातेलं बसत नव्हतं किंवा नळकांडं वर्षभरात काजळीनं तुंबलं, तिथं बाई परत तीन दगडांवर आली. सुधारणा काय हवी हे तिला विचारून चूल बदलण्याचं काम ग्रँटच्या पैशानं आधी व्हायला हवं होतं. कांडी कोळशाची गोष्ट नेमकी त्या क्रमानं गेली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत आधी बसवली, आणि 2002 मध्ये तिला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या फोनवाल्या मुलाला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं, आधी जाऊन बघून ये, दोन वर्षं वाचतील.

या दोन्हींशिवाय तिसरी वाटही आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. एलईडी बल्ब आठवा. उजाला योजनेत सरकारनं कुणाला ग्रँट दिली नाही आणि किमतीवर सबसिडीही दिली नाही. ईईएसएल या ऊर्जाबचतीच्या सरकारी कंपनीनं कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा निविदा काढली. 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांना घेतलेला बल्ब तीन वर्षांत 40 च्या आत आला. आपल्या राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहातही विजेत्यांना धनादेश नसतो, कार्यादेश असतो, म्हणजे सरकार स्वतः पहिलं गिऱ्हाईक होतं. इतर सरकारी खात्यांपुढे जाताना तो कागद फार कामाला येतो.

हिशेबाच्या वहीत मात्र दोघं पुन्हा एक होतात. सीए मंडळींचं लेखा मानक 12 सरळ सांगतं की सरकारी ग्रँटला सबसिडी, रोख प्रोत्साहन अशीही नावं असतात. 2015 च्या वित्त कायद्यानं तर दोन्हींना उत्पन्नाच्या व्याख्येत एकाच ओळीत बसवलं. यंत्राच्या किमतीतून वजा केलेली रक्कम तेवढी वगळली. म्हणजे ग्रँटवर कर नसतो असं समजून बसलेल्याला मार्चमध्ये घाम फुटतो. सीएला मंजूर पत्र दाखवा. “अनुदान आलंय” एवढंच सांगू नका.

हा फरक सगळ्यांत महाग पडतो तो अर्जातल्या एका रकान्यात: ‘यापूर्वी शासनाचे अनुदान घेतले आहे काय? असल्यास रक्कम.’ सीड फंडाला अर्ज करताना इतर सरकारी योजनांतून 10 लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली चालत नाही. स्पर्धेतलं बक्षीस, सवलतीतली जागा, संस्थापकाला मिळणारा मासिक भत्ता, प्रयोगशाळेचा वापर हे त्यात धरायचं नसतं. मागे एका मुलीनं प्रामाणिकपणे त्या रकान्यात 14 लाख लिहिले. उलगडून बघितलं तर 6 लाख नमुन्याची ग्रँट, 3 लाख हॅकेथॉनचं बक्षीस, आणि 5 लाख तिनं बसवून दिलेल्या सौर संचांची सबसिडी, जी थेट गिऱ्हाइकांच्या खात्यात गेली होती. तिच्या हातात त्यातला एक रुपयाही आला नव्हता. आम्ही रकान्यात 6 लिहिलं, खाली बाकीच्या दोन रकमांची एकेक ओळ दिली, गिऱ्हाइकांच्या बँक नोंदी जोडल्या आणि अर्ज पाठवला.