रिब नौकेची पार्श्वभूमी: कठीण तळ आणि हवेच्या नळ्या एकत्र कशा आल्या

'रबरी बोट' म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर पुराच्या पाण्यात एनडीआरएफचे जवान वल्हवत नेत असलेली नौका येते, नाहीतर नौदलाच्या बातम्यांत 'जेमिनी' या नावाने उल्लेखली जाणारी नौका येते. या नौकांचा तळही कापडाचाच असतो आणि गल्लीत शिरलेल्या संथ पाण्यासाठी तो योग्यच आहे. किनाऱ्यालगतच्या समुद्रासाठी मात्र आज जी नौका घेतली जाते ती वेगळी आहे. तिचा तळ फायबरचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, कठीण आणि इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा असतो व त्याभोवती हवा भरलेल्या जाड नळ्या बसवलेल्या असतात. तिला रिजिड इन्फ्लेटेबल बोट, थोडक्यात 'रिब' म्हणतात. ती विकत घेणाऱ्यापुढे तळाचा कोन, नळीचे कापड, हवेचे कप्पे, इंजिनाची ताकद अशी मोठी यादी ठेवली जाते. त्यातील बहुतेक बाबी कोणत्या तरी खऱ्या किनाऱ्यावरील खऱ्या अडचणीतून आल्या आहेत आणि ती अडचण समजली की आपल्या किनाऱ्याला यातले काय लागते, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

यातील हवेची नळी आधी आली. वायू भरलेल्या फुग्यासारखी हवाई जहाजे बनवणाऱ्या झोडिअ‍ॅक या फ्रेंच कंपनीत पिएर देब्रुतेल यांनी १९३० च्या दशकात हवा भरलेल्या नौकांचे नमुने तयार केले. १९५२ मध्ये आलँ बाँबार हे फ्रेंच डॉक्टर अशाच नौकेतून एकट्याने कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत अटलांटिक महासागर पार करून गेले. कापडाची नौका समुद्रात टिकते, याबद्दल त्यानंतर फारशी शंका उरली नाही. ती वेगाने पळवता येते का, आणि रोज दगडगोट्यांवर ओढली तर किती दिवस पुरते, हे प्रश्न मात्र तसेच राहिले.

त्यांची उत्तरे ब्रिटनमधील वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडली. ब्रिस्टल खाडीकाठच्या सेंट डोनॅट्स या जुन्या किल्ल्यात १९६२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारातून अटलांटिक कॉलेज सुरू झाले. (पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून चालू असलेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे हान यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या शाळांच्या चळवळीतील धाकटे भावंड.) निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर तेथील पहिले मुख्याध्यापक होते. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणे हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग होता आणि १९६३ पासून कॉलेज हे ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेचे अधिकृत केंद्र झाले. हा किनारा मोठा अवघड आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. ब्रिस्टल खाडीच्या वरच्या टोकाला भरती आणि ओहोटी यांतील फरक चौदा मीटरपर्यंत जातो. ओहोटीला उघडी पडणारी खडकांची पायरी आणि गोटे यांवरून नौका रोज आतबाहेर करताना तळाचे कापड घासून फाटत असे. पाण्यात वेग घेतला की तोच मऊ तळ लाटेवर लपकत राही आणि आतील माणसाला धड उभे राहता येत नसे.

होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्याच कार्यशाळेत कापडी तळाच्या जागी प्लायवुड लावून पाहिले. एक नमुना करायचा, तो समुद्रात न्यायचा, मोडला तर परत आणून दुसरा करायचा, असे ते काम वर्षानुवर्षे चालले. शाळकरी वयाच्या मुलांनी समुद्रात स्वतः भिजून हे शोधून काढले, याचे मला फार मोल वाटते. याच सुमारास अमेरिकेत रेमंड हंट यांनी आखलेला खोल 'व्ही' तळ शर्यतींत गाजत होता. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत त्या घडणीच्या नौकेने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली होती. असा तळ लाटेवर आपटण्याऐवजी ती कापत जातो. पण तो उथळ तळाच्या मानाने उभ्या नौकेत जास्त डुलतो आणि तेथेच नळ्या उपयोगी पडतात. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडील अरुंद होडीला बाजूला उलांडी, म्हणजे दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका असतो. होडी कलली की उलांडी तिला सावरते. रिबच्या नळ्या दोन्ही बाजूंनी हेच काम करतात. वेगात त्या पाण्याच्या वर राहतात. नौका थांबली, वळली किंवा एखाद्या बुडत्या माणसाला एका बाजूने वर ओढून घेतले, की त्या पाण्याला टेकतात आणि नौकेला आधार देतात. म्हणून नळ्या किती उंचीवर बसवल्या आहेत, हे पाहणे तळाच्या कोनाइतकेच महत्त्वाचे आहे आणि नौका प्रत्यक्ष पाण्यात, माणसांसह व भरलेल्या टाकीसह पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

१९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी बांधलेली एक रिब ब्रिटनला वळसा घालणाऱ्या यांत्रिक नौकांच्या शर्यतीत उतरली आणि तिने ती पूर्ण केली. होअर यांनी या रचनेचे पेटंट घेतले होते. ते त्यांनी आरएनएलआयला अवघ्या एका पौंडाला दिले आणि तो धनादेशही कधी वटवला नाही. १९७२ मध्ये आरएनएलआयच्या सेवेत आलेल्या नौकेला कॉलेजचे नाव आणि तिची फुटांतील अंदाजे लांबी जोडून 'अटलांटिक २१' असे नाव मिळाले. तिच्यातील सोयी आजही पाहण्यासारख्या आहेत. उलटली तर मागच्या कमानीवरची पिशवी वायूने फुगून तिला सुलटी करत असे. फुटत्या लाटांतून जाताना नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर उचलली जाऊ नये म्हणून पुढे पाण्याची टाकी होती. आणि कर्मचारी घोड्यावर बसल्यासारखे मांड टाकून बसत, त्यामुळे आदळ पाठीच्या कण्याऐवजी गुडघ्यांवर झेलता येई. अशी बैठक आज अनेक रिबमध्ये दिसते. लांब बाकापेक्षा तिच्यात माणसे कमी बसतात, म्हणून ग्राहक ती नाकारतो. लाटांच्या समुद्रात ही काटकसर महागात पडते.

नळीच्या कापडाची हकिगत वेगळी आहे. ड्यूपाँ कंपनीचे 'हायपॅलॉन' हे ऊन आणि खारे पाणी सोसणारे कृत्रिम रबर चांगल्या रिबची खूण मानले जाई. त्या कंपनीने त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले. आज त्या नावाने विकले जाते ते इतरांनी बनवलेले त्याच जातीचे कापड असते. पीव्हीसी स्वस्त आणि हलके असते, त्याचे सांधे यंत्राने उष्णता देऊन जोडता येतात, पण कडक उन्हात ते हायपॅलॉनच्या मानाने लवकर ताठर होते आणि चिरते. वेल्समध्ये उन्हाचा प्रश्न फारसा नव्हता. मालवण किंवा देवगडला, जेथे नौका मार्च ते मे उघड्यावर राहते, तो पहिला प्रश्न आहे. सकाळी अंगठ्याने दाबली तर थोडी दबणारी नळी दुपारी ढोलासारखी ताणलेली लागते, कारण आतील हवा तापून फुगते. रात्री पाऊस पडला की तीच पुन्हा सैल होते. त्यामुळे झाकण्यासाठी कापड आणि दाब मोजण्याचे साधन हे नौकेबरोबरच घ्यावे.

तळाबाबत कोकणची गोष्ट सेंट डोनॅट्सशी बरीच मिळतीजुळती आहे. आपल्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार फायबरवरील चकचकीत लेप एका ओढीत खरवडून काढते. जेटी नसलेल्या जागी रोज नौका ओढायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा तळ उजवा ठरतो. जेटीवर किंवा खाडीत नांगरून ठेवायची असेल तर फायबर पुरते आणि ते गावात दुरुस्तही करता येते. तळ आणि नळी जेथे जोडली जाते ती पट्टी मात्र दोन्हींत सारख्याच बारकाईने, बोट फिरवून तपासावी, कारण बहुतेक रिब तेथूनच सुटू लागतात. हायपॅलॉनचा तो सांधा पुन्हा चिकटवण्याचा गोंद हवेतील दमटपणा सहन करत नाही, म्हणून कोकणात हे काम जून ते सप्टेंबर टाळून थंडीच्या कोरड्या दिवसांत करून घेतात.