जखम भरायला 9 दिवस जास्त

1995 साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळवणारा मेंदूचा आजार झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया एका गटात होत्या. दुसऱ्या गटात त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13. प्रत्येकीच्या हातावर कोपराखाली 3.5 मिलिमीटरची गोल जखम केली. जखमेचे फोटो काढत राहिले, तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहत राहिले; फेस येईनासा झाला की जखम भरली. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना सरासरी 39 दिवस लागले, काळजी घेणाऱ्यांना त्याहून 9 दिवस जास्त.

जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या पेशींमध्ये त्यातलं एक महत्त्वाचं रसायन कमी तयार होत होतं. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं, की डिमेन्शिया झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांमध्ये फ्लूच्या लशीचा परिणामही कमी दिसतो. तेव्हा "मन घट्ट कर, सगळं होतं" हा सल्ला आता बंद व्हायला हवा. या थकव्याचा परिणाम रक्तातही दिसतो.

आपल्याकडे हे काळजी घेण्याचं काम बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी करते. दिवेलागणीला सासूबाई पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, "मला घरी जायचंय." घरातच आहात, हे कितीही समजावलं तरी पटत नाही. रात्री तीनला त्या उठून कपाट उपसतात. सकाळी फोनवर नणंदेला सांगतात, "हिने माझ्या पाटल्या घेतल्या." वस्तू कुठे ठेवली ही आठवण पुसली जाते, ती जागेवर नाही एवढंच कळतं, आणि आजारी मेंदू त्याचं कारण जुळवून टाकतो. चोरीचा आळ हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे. पण फोनवर सासूबाई इतक्या व्यवस्थित बोलतात, की नणंदेला ते खरं वाटतं. जागरणापेक्षा हा घाव खोल जातो, असं मला वाटतं. डॉक्टरांनी निदान सांगताना सगळ्या भावंडांना समोर बसवून हे लक्षण समजावलं, तर कितीतरी घरं सावरतील.

अशा आधाराने काय साधतं, हे गोव्यात पाहिलं गेलं आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत 81 कुटुंबांसोबत अभ्यास केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. पंधरवड्यातून निदान एकदा, सहा महिने. ते आजार समजावून सांगत, चिडचिड आणि भटकणं कसं हाताळायचं ते दाखवत, ऐकून घेत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ मदतीला होते. ज्यांच्याकडे हे सल्लागार जात, त्या काळजीवाहूंचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही.

असा सल्लागार आपल्या दाराशी येत नसेल, तर निदान वेळेची वाटणी आजच करा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या दिराला ठरावीक काम द्या: शनिवारी रात्री आईपाशी झोपायचं, म्हणजे तुम्हाला एक सलग झोप मिळेल. परगावची बहीण दुपारच्या बाईचा पगार देऊ शकते. त्या दोन-तीन तासांत स्वयंपाक उरकायचा नाही. आधी स्वतःचं बीपी आणि साखर तपासून घ्या, कारण रुग्णाची औषधं न चुकता देणारी माणसं स्वतःची गोळी विसरतात. शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आजार सांगून ठेवा. सासूबाई एकट्या बाहेर पडल्या तर तेच थांबवतील.

रोज रडू येत असेल, झोपायची संधी मिळूनही झोप लागत नसेल, रुग्णावर हात उचलावासा वाटत असेल, तर वाट पाहू नका. 14416 हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.