सीडी प्लेयरवर नीट वाजते, मग कॉम्प्युटरवर घेताना का अडते?

अजून कितीतरी घरांत कपाटात सीड्या पडून आहेत, अभंग, नाट्यसंगीत, भावगीतं, एखाद्या मैफिलीचं रेकॉर्डिंग जे कुठल्याच ॲपवर मिळत नाही. ते कॉम्प्युटरवर घ्यायला बसलं की हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे "प्लेयरवर तर मस्त वाजते, पण रिप केली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, की मधेच टक् टक् येतं". तर याचं कारण असं की प्लेयरला गाणं थांबू द्यायचं नसतं, त्यामुळे वाचता न आलेला बारीकसा तुकडा तो आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून टाकतो आणि आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. रिप करताना मात्र आपल्याला खरा डेटा हवा असतो, आणि कुठे मिळाला नाही ते कळायलाही हवं असतं.

त्याआधी एक अगदी नेहमीची भानगड. ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की ट्रॅक०१.सीडीए, ट्रॅक०२.सीडीए अशा फाइली दिसतात, बरेच जण त्याच पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि गाडीत लावल्यावर काहीच वाजत नाही. त्या फाइलची साइज बघा, फक्त ४४ बाइट! त्यात गाणं नसतंच, ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढीच नोंद असते, तीही विंडोजने स्वतः बनवून दाखवलेली. याउलट एका डिस्कवर शंभर गाणी असलेल्या एमपी३ सीड्या साध्या डेटा सीड्या असतात, त्या सरळ कॉपी करायच्या, तिथे रिपिंग सॉफ्टवेअरला ट्रॅकच सापडत नाहीत आणि लोक समजतात डिस्क गेली.

ऑडिओ सीडीवर फाइली का नसतात, तर सोनी आणि फिलिप्सने १९८० मध्ये 'रेड बुक' नावाचं स्टँडर्ड ठरवलं तेव्हा डोळ्यासमोर फक्त म्युझिक प्लेयर होता. आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं (सॅम्पल) घ्यायची, डाव्या-उजव्या चॅनलची वेगळी, प्रत्येक १६ बिटचं, आणि हे सगळं आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबच लांब सर्पिल रेषेवर मांडायचं. एका सेकंदाचे ७५ तुकडे, म्हणजे सेक्टर, प्रत्येकात २३५२ बाइट, आणि ते सगळेच्या सगळे आवाजाचे. नंतर आलेल्या डेटा सीडीत तेवढ्याच जागेत २०४८ बाइट डेटा ठेवून उरलेली जागा सेक्टरचा पत्ता आणि जादा दुरुस्तीसाठी वापरली. ऑडिओ सेक्टरमध्ये असा पत्ता नाही, वेळेची नोंद बाजूच्या एका वेगळ्या चॅनलमध्ये असते आणि ती आवाजाशी अगदी काटेकोर जुळेलच असं नाही. म्हणजे सुट्या पानांच्या पोथीवर पानांचे आकडेच नाहीत, मधेच उठून परत वाचायला बसलात तर एखादी ओळ पुढे-मागे होणारच. जुन्या ड्राइव्हमध्ये हेच व्हायचं, वाचन थांबून पुन्हा सुरू झालं की थोडे सॅम्पल दोनदा यायचे किंवा गळायचे, आणि सांध्यावर टक्. सीडीपॅरानोइया नावाचा लिनक्सवरचा प्रोग्रॅम यासाठीच प्रत्येक तुकडा थोडा मागून वाचतो, आधीच्या तुकड्याशी जुळवतो आणि मगच पुढे जातो. आताच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये हा त्रास राहिलेला नाही.

आता स्क्रॅच. सीडीवर दर २४ बाइट आवाजामागे ८ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी असतात, आणि शेजारशेजारचा आवाज मुद्दाम विस्कटून लांब लांब लिहिलेला असतो, म्हणजे एका ठिकाणी खराबी झाली तर प्रत्येक गटातलं थोडंथोडंच जातं आणि गणिताने ते परत काढता येतं. हे रीड-सोलोमन कोडचं गणित, १९६० मधलं, आणि मला तर सीडीमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. रेषेवरचा साधारण अडीच मिलीमीटरचा सलग तुकडा गेला तरी मूळ आवाज बिट न् बिट परत मिळतो!

म्हणूनच स्क्रॅचची दिशा महत्त्वाची. मधून कडेकडे गेलेला स्क्रॅच लेझरला प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो आणि दुरुस्ती होऊन जाते, पण गोल गोल गेलेला स्क्रॅच रेषेच्या सोबतच चालतो आणि अडीच मिलीमीटर कधीच संपून जातात. त्यामुळे सीडी पुसताना मऊ स्वच्छ कपड्याने मधून बाहेर सरळ पुसायची, गोल फिरवून कधीच नाही. अजून एक, आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू बिनधास्त टेबलावर घासतो, पण अ‍ॅल्युमिनियमचा थर त्या छापील बाजूलाच असतो, वर फक्त लाखेचा पातळ थर आणि छपाई. खालच्या बाजूला १.२ मिलीमीटर प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पॉलिशने कधीकधी निघतो. वरून थर खरवडला गेला तर तिथलं गाणं गेलंच. सीडी उजेडासमोर धरा, टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर टूथपेस्ट वगैरे चोळण्यात काही अर्थ नाही.

सॉफ्टवेअर निवडताना ते एरर कबूल करतं का हे बघायचं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. पहिल्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा, आणि तेव्हा स्पीड एकदम पडतो, ड्राइव्ह घरघरते, लोक घाबरून कॅन्सल करतात. करू नका, तेच तर काम चालू आहे. शेवटी लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, 'सस्पिशियस पोझिशन' (संशयास्पद जागा) म्हणून मिनिट-सेकंद लिहून येतं, बरोबर ती जागा हेडफोन लावून ऐका. यात एक मेख आहे, ड्राइव्हची स्वतःची मेमरी (कॅशे) असते आणि दुसऱ्यांदा मागितलं की ती डिस्क न वाचता आधीचाच डेटा देऊ शकते, मग जुळणारच. म्हणून सेटिंगमध्ये कॅशेचा पर्याय तपासून घ्या.

अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय तुमचं रिप जगभरातल्या लोकांच्या रिपशी ताडून बघते, पण कमी खपलेल्या मराठी सीड्या तिथे बऱ्याचदा सापडत नाहीत. मग तीच सीडी दोनदा रिप करा, जमलं तर दुसऱ्या वेळी मित्राच्या ड्राइव्हवर, आणि दोन्हीचा सीआरसी, म्हणजे डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा, बघा. एकाच ड्राइव्हवर दोन्ही वेळा तोच आला तर चिंता नको. दोन ड्राइव्हचं ऑफसेट सेटिंग बरोबर नसेल तर रिप चांगलं असूनही आकडे वेगळे येतील, कारण प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल पुढे-मागे वाचतं.

सगळ्याच सीड्या अडत असतील तर दोष सीडीचा नाही. यूएसबी ड्राइव्ह हबला लावली असेल तर थेट लॅपटॉपला लावा, फिरताना तिला लागणारी पॉवर हबमधून बऱ्याचदा पुरत नाही. फक्त शेवटचे ट्रॅक अडत असतील तर स्पीड कमी करून बघा, शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात आणि बोटांचे ठसे, डिस्कचा डगडगाट सगळ्यात जास्त तिथेच भोवतो. घरी राइट केलेल्या सीडीवर कागदी लेबल चिकटवलं असेल तर डगडग अजून वाढते.

मैफिलीची सीडी असेल तर एमपी३ करू नका. विलंबितातून द्रुतात जाताना ट्रॅक बदलतो पण तंबोरा चालूच असतो, आणि एमपी३ मध्ये ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता जोडली जाते, बऱ्याच प्लेयरवर तिथे सूर तुटतो. फ्लॅक या फाइल प्रकारात हे होत नाही आणि मूळ आवाज जसाच्या तसा राहतो. गाण्यांची नावं बहुतेक सीड्यांवर डेटा म्हणून नसतातच, सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या आणि लांबी बघून इंटरनेटवरून शोधतं, त्यामुळे भलत्याच अल्बमची नावं आली तर दचकू नका, कव्हर बघून देवनागरीत हाताने टाका, गायक, साथीदार, राग सगळं.

आणि एवढं करूनही एखादा ट्रॅक आलाच नाही तर डिस्क टाकून देऊ नका. एका ड्राइव्हला न जमलेली सीडी दुसरी ड्राइव्ह वाचते असं पुष्कळदा होतं, जुन्या डेस्कटॉपमधली ड्राइव्ह मिळाली तर तीही लावून बघा, आणि तोपर्यंत सीडी डबीत, उभी, उन्हापासून लांब ठेवा.