फॉक्स हंट, खानदेशातील डोंगरी

डोंगराळ मुलखात लपवून ठेवलेले छोटे रेडिओ प्रेषक दिशादर्शक अँटेना आणि ग्राही (रिसीव्हर) यांच्या साहाय्याने हुडकून काढण्याचा हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, खेळ. लपवलेल्या प्रेषकाला ‘फॉक्स’ म्हणतात. याचेच नियमबद्ध, धावण्याच्या शर्यतीचे रूप ‘एआरडीएफ’ (अमॅच्युअर रेडिओ डायरेक्शन फाइंडिंग) या आद्याक्षरांनी ओळखले जाते. प्रस्तुत नोंदीत तापी खोऱ्याच्या दोन्ही अंगांच्या डोंगररांगांत प्रेषक लपवताना व शोधताना कोणते प्रश्न येतात, याचा मुख्यतः विचार केला आहे.

उगम : दिशाशोधाचे तत्त्व या खेळाहून बरेच जुने आहे. तारेचे कडे फिरवले की त्यात मिळणाऱ्या ठिणगीचा जोर दिशेनुसार कमीजास्त होतो, हे हाइनरिख हर्ट्झ यांच्या 1888 च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसून आले होते. जॉन स्टोन स्टोन यांना 1902 मध्ये दिशाशोधासाठी अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळाले. एत्तोरे बेलिनी व आलेस्सांद्रो तोसी यांची, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन स्थिर कड्यांची पद्धत 1907 च्या आसपासची आहे. पहिल्या महायुद्धात या विद्येचे महत्त्व पटले. मे 1916 मधील जटलंडच्या आरमारी लढाईपूर्वी जर्मन जहाजाच्या संदेशांची दिशा जेमतेम दीड अंशाने सरकल्याचे ब्रिटिश केंद्रांनी टिपले, आणि तेवढ्यावरून आरमार बंदराबाहेर निघत असल्याचा तर्क बांधला गेला. डोंगरात फॉक्स शोधणारा करतो ते याहून वेगळे नाही. त्याचे अंतर किलोमीटरभराचे असते एवढेच.

खेळाचा उगम मात्र वादाचा आहे. एका मतानुसार दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमधील हौशी मंडळांनी भरवलेल्या दिशाशोध चढाओढी हे त्याचे मूळ. दुसरे मत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्तर युरोपाकडे बोट दाखवते. अमेरिकेत मोटारीवर अँटेना बांधून प्रेषक हुडकण्याची प्रथा निराळीच वाढली असून काही लेखक तिलाच आद्य मानतात. चढाओढ म्हणून ब्रिटनचा दावा अधिक सबळ वाटतो. तथापि पायी, नकाशा हाती घेऊन, रानातून पाच प्रेषक शोधण्याचा जो प्रकार आज रूढ आहे, तो स्कँडिनेव्हिया व पूर्व युरोप येथेच घडला, याविषयी फारसा मतभेद नाही. पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा 1961 मध्ये स्टॉकहोम येथे, तर पहिली जागतिक स्पर्धा 1980 मध्ये पोलंडमधील चेतनिएवो येथे झाली.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात सामान्यतः 1921 मध्ये कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून मानली जाते. प्रसारणासाठी केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाचा परवाना लागतो. हॅम मंडळींच्या मेळाव्यांत फॉक्स हंट बहुधा असतेच.

प्रेषक व संकेत : नियमबद्ध स्पर्धेत कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सीचे) दोन पट्टे वापरतात. 144 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 2 मी. भरते, 3.5 मेगाहर्ट्झची सुमारे 85 मी. पाच प्रेषक एकाच कंप्रतेवर आळीपाळीने एकेक मिनिट बोलतात. त्यांचे मोर्स संकेत एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच आणि एमओ5 असे असून शेवटच्या अक्षरात अनुक्रमे एक ते पाच टिंबे येतात. त्यामुळे मोर्स न येणाऱ्यालाही नुसती टिंबे मोजून कोणता फॉक्स चालू आहे हे कळते. कोणताही प्रेषक सुरुवातीच्या जागेपासून किमान 750 मी. दूर आणि कोणतेही दोन प्रेषक परस्परांपासून किमान 400 मी. अंतरावर असावेत, असा नियम आहे. मित्रमंडळींच्या साध्या हंटमध्ये हे सारे सैल होते. 144 मेगाहर्ट्झवरचा एकच प्रेषक पुरतो आणि शोधणाऱ्याच्या हाती साधा हँडसेट (हातात मावणारा रेडिओसंच) असतो.

शोधासाठी लोखंडी मेजर टेपच्या पट्ट्या आणि पीव्हीसी पाइप यांची तीन दांड्यांची, एका दिशेचा संकेत जोरात पकडणारी यागी अँटेना लोकप्रिय आहे. सर्वांत लांब पट्टी मीटरभराची असते. खानदेशच्या बोरी-बाभळींत या अँटेनेला तोड नाही. काट्यांत अडकली तर पट्टी वाकते आणि सुटताच पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनियमची नळी तिथे मोडते. अँटेना नसेल तर हँडसेट छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरावे. आवाज सर्वांत क्षीण होतो तेव्हा प्रेषक साधारणतः पाठीमागे असतो, कारण मधे आपलेच शरीर आडवे येते.

प्रेषकाच्या शे-दीडशे मीटरच्या आत वेगळीच अडचण उभी राहते. संकेत एवढा जोरकस होतो की अँटेना कोठेही वळवली तरी संकेताचा जोर दाखवणारा काटा भरलेलाच दिसतो. यावर उपाय म्हणून अँटेना व ग्राही यांच्यामध्ये क्षीणक, म्हणजे संकेताचा जोर घटवणारे साधन, जोडतात. त्यातल्या एका प्रकारात 4 मेगाहर्ट्झचा संकेत स्वतः निर्माण करणारा छोटा आंदोलक असतो. त्याच्याशी मिसळून तयार झालेला संकेत मूळ कंप्रतेपासून 4 मेगाहर्ट्झ बाजूला ऐकायचा आणि बटण फिरवून त्याचा जोर हवा तितका कमी करायचा. तेही जवळ नसेल तर कंप्रता थोडी सरकवून ऐकणे किंवा अँटेना काढून ठेवणे हे जुने उपाय आहेत.

खानदेशचा खडक : जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे म्हणजे आजचे खानदेश. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस साक्री-पिंपळनेरकडील सह्याद्रीचे फाटे आणि मधून तापीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. डोंगर बहुतांशी बेसाल्टचे आहेत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्यामुळे सपाट माथा, खाली उभा कातळकडा, मग माची आणि पुन्हा कडा, अशी त्यांची घडण असते. याच घडणीने येथील फॉक्स हंट अवघड आणि देखणी केली आहे.

दोन मीटरच्या लहरीला उभा कडा म्हणजे आरसा. शोधणारा दरीत असेल आणि त्याच्या व प्रेषकाच्या मधे डोंगराची सोंड आडवी असेल, तर थेट लहर त्याच्यापर्यंत क्षीण होऊन येते, पण समोरच्या कड्यावर आपटून परतलेली लहर खणखणीत ऐकू येते. अँटेना मग बिनदिक्कत उघड्या कातळाकडे रोखते. तोरणमाळच्या सीताखाईसारख्या खोल घळीत किंवा पाटणादेवीसारख्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात अशा दोन-तीन खोट्या दिशा एकाच वेळी मिळणे शक्य असते. खरी दिशा ओळखायची खूण अशी : पंचवीस-तीस पावले बाजूला सरकून पुन्हा मोजावे. थेट लहरीची दिशा जवळजवळ तीच राहते आणि तिचा शून्यबिंदू, म्हणजे आवाज बुडण्याची जागा, टोकदार असतो. परावर्तित लहरींचे मिश्रण असेल तर दिशा भरकटते आणि शून्यबिंदू पसरट होतो. म्हणूनच पहिली मोजणी दरीतून न करता माथ्यावरून करावी. चढाची दमछाक झाली तरी एका खऱ्या रेषेचे मोल पाच खोट्या रेषांहून जास्त आहे.

धुळे-नंदुरबार पट्ट्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांब, सरळ भिंती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. या भागात त्यांचा मोठा समूह असून बहुतेकींचा रोख पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य असा आहे. आजूबाजूचा खडक झिजून गेला तिथे त्यांच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या धारा झाल्या आहेत. प्रेषक धारेच्या उत्तरेला आणि शोधणारा दक्षिणेला असेल, तर लहर सर्वांत सखल खिंडीतून सहज ओलांडून येते आणि अँटेना त्या खिंडीकडे रोख धरते. शोधणारा धारेला समांतर चालत राहिला तरी सगळ्या रेषा त्याच खिंडीत येऊन मिळतात, आणि नकाशावर फॉक्स खिंडीतच बसल्यासारखा दिसतो. तिथे पोहोचल्यावर संकेत एकदम बदलतो आणि मग खरा शोध सुरू होतो. लपवणाऱ्यासाठी याहून प्रामाणिक खेळी नाही. यात कोणाला धोक्याच्या जागी चढवलेले नसते. फक्त भूगोल वाचायला लावलेले असते.

3.5 मेगाहर्ट्झवर असे चकवे चालत नाहीत. 85 मी. लांबीची लहर लहानसहान सोंडा सहज वळसा घालून पार करते, आणि तारेचे कडे किंवा फेराइट (चुंबकीय पदार्थाची) कांडी यांनी मिळणारा शून्यबिंदू फार टोकदार असतो. मात्र तारेच्या कड्याला दोन शून्यबिंदू मिळतात, त्यामुळे प्रेषक पुढे की मागे हे ठरवण्यासाठी छोटी उभी दांडी जोडावी लागते. या पट्ट्याचे शत्रू डोंगरात नसून पायथ्याशी आहेत. विजेच्या तारा लहर उचलून पुन्हा फेकतात आणि दिशा तारेच्या अंगाला ओढली जाते. साक्री तालुक्यात सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरांचा खरखराट त्यात भर घालू शकतो. त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे 144 मेगाहर्ट्झचा संकेत पात्यांच्या फिरण्याबरोबर लयीत कमीजास्त होतो. नवख्याला तो प्रेषकातला बिघाड वाटण्याचा संभव असतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागांत पानांतले व खुंटांतले पाणी 144 मेगाहर्ट्झचीच लहर शोषते, हेही ध्यानात ठेवावे.

होकायंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये. बेसाल्टमधील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे उघड्या खडकावर सुई काही अंशांनी ढळते, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यांवर. खानदेशात चुंबकीय उत्तर व खरे उत्तर यांतील फरक मुळातच किरकोळ आहे. त्यामुळे मोठी चूक दिसली तर दोष खडकाचा समजावा. मोजणीच्या वेळी होकायंत्र दगडावर न ठेवता छातीच्या उंचीवर, हँडसेट व टेपच्या पट्ट्यांपासून दूर धरावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांपैकी 46 क्रमांकाच्या मालिकेत हा बहुतेक मुलूख येतो. त्यांवरच्या समोच्चरेषा घरी बसून वाचल्या तरी कोणती सोंड आडवी येणार, याचा अंदाज बांधता येतो.

लपवण्याची रीत : रबरी कडेचा, पाणी न शिरणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात प्रेषक व बॅटरी, आणि बाहेर अँटेनेची तार. डबा उन्हात काळ्या कातळावर ठेवू नये. मार्चनंतर तो खडक हाताला चटका देण्याइतका तापतो आणि बॅटरी टिकत नाही. अंजनाच्या किंवा सालईच्या बुंध्याशी सावली मिळते. तार फांदीवरून सोडताना खाली जमिनीपर्यंत लोंबती ठेवू नये, कारण वानरे ती ओढतात. कुसळी गवतात नुसता टाकलेला डबा दोन पावलांवरूनही दिसत नाही, पण त्यात कसब नाही. डबा दिसला नाही तरी अँटेनेने तिथवर पोहोचता आले पाहिजे, आणि पोहोचलेल्याला हात घालायला साप-विंचवाची कपार असू नये.

डब्यावर कॉलसाइन (परवानाधारकाचे रेडिओवरचे ओळखचिन्ह), ‘हौशी रेडिओ, धोका नाही’ अशी मराठीतली चिठ्ठी आणि संपर्काचा नंबर असलाच पाहिजे. रानात पहिला डबा सापडतो तो बहुधा गुराख्याला किंवा मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलाऱ्याला. बेवारस, तार लोंबणारी पेटी पाहून त्याने घाबरून जावे हे खेळाला शोभणारे नाही. सातपुड्यात भिल्ल व पावरा वस्त्या पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या आहेत. आदल्या दिवशी पोलीस पाटलाला आणि पाड्यावरच्या जाणत्यांना भेटून यंत्र उघडून दाखवले, की गैरसमज राहत नाही. यावल व गौताळा ही अभयारण्ये असल्याने तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रेषक ठेवता येत नाही. लळिंग, सोनगीर, भामेर यांसारख्या किल्ल्यांच्या तटात किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांत डबा खोचणे, खिळा ठोकणे सर्वस्वी वर्ज्य मानावे. पायथ्याला मोकळी जागा विपुल आहे.

पाटणादेवीजवळच्या पाटण येथे शके 1128 च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात येतो. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाविषयी मतभेद असले, तरी त्रिकोणांचे गणित या डोंगरांना नवे नाही. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर छेदून तिसरे ठिकाण काढण्याचा धडा विद्यार्थ्यांना द्यायला याहून चांगली जागा खानदेशात सापडणे कठीण.

हंगाम : पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पुढे ऊन 45 अंशांच्या वर जाते. फेब्रुवारीपासून सागाची पानगळ सुरू झाली की 144 मेगाहर्ट्झचा संकेत रानातून अधिक दूर पोहोचतो, म्हणून तेव्हा प्रेषकाची शक्ती कमी ठेवतात. खेळ संपल्यावर सर्व प्रेषक मोजून परत आणणे ही परवानाधारकाची जबाबदारी असते. न सापडलेला प्रेषकही लपवणाऱ्यानेच त्याच दिवशी काढून आणायचा असतो, कारण बॅटरी उतरेपर्यंत तो कंप्रता अडवून बसतो.