दीडशे वार म्हणजे नेमके किती? गोल्फमधल्या अंतरमोजणीची पार्श्वभूमी

१९६१ साली कॅलिफोर्नियात, पॅसिफिकच्या कड्यावर वसलेल्या पेबल बीच कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, यूएस अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली होती. एकवीस वर्षांचा जॅक निक्लस तिथं खेळायला आला, तेव्हा त्याच्या मित्रानं, डीन बीमननं, त्याला एक साधी गोष्ट सुचवली. एखादं झाड, बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) कड अशा न हलणाऱ्या खुणा धर आणि तिथून ग्रीनपर्यंतचं, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंतचं, अंतर पावलांनी मोजून ठेव. निक्लसनं मोजलं. अंतिम सामना त्यानं सहा होल (खेळाचे टप्पे) शिल्लक असतानाच, आठ होलांच्या आघाडीनं जिंकला. पुढं आयुष्यभर त्यानं ही सवय सोडली नाही.

बीमननं ही रीत जीन अँड्रूज या हौशी खेळाडूकडून उचलली होती. १९५४ ची यूएस पब्लिक लिंक्स स्पर्धा जिंकणारे अँड्रूज हे कोर्स पावलांनी मोजून टिपणं ठेवणारे बहुधा पहिलेच. आज खिशातल्या यंत्राचं बटण दाबलं की आकडा दिसतो, त्याची सुरुवात या पावलांपासून झाली.

आकडे यार्डात असतात, आणि मराठी माणसाला यार्ड परका नाही. आपला वार म्हणजेच यार्ड. नऊवारीतला वार तोच. ०.९१४४ मीटर. फटका दीडशे यार्डांचा आहे असं कोणी म्हणालं, तर साधारण सोळा-सतरा नऊवारी साड्या टोकाला टोक लावून पसरल्यात असं समजा. तेवढ्या लांबवर झेंड्याच्या सात फुटी काठीच्या जवळ चेंडू टाकायचा असतो.

मग पावलांनी मोजायला लागण्याआधी शेकडो वर्षं लोक खेळत कसे होते? अंदाजपंचे नव्हे, पण नजरेनं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची जमीन वाळूची, टणक आणि वाऱ्याची. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर चेंडू अलीकडे टाकून घरंगळत ग्रीनवर न्यायचा असतो, आणि सकाळी पाठीवर असलेला वारा दुपारी तोंडावर येतो. तिथं ‘१५० यार्ड’ या आकड्याला स्वतःचा असा फारसा अर्थ नव्हता. शिवाय क्लबही, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्याही, आकड्यांना जुळणारे नव्हते. हिकरीच्या लाकडी दांड्यांचे, हातानं घडवलेले, मॅशी, निब्लिक, क्लीक अशा नावांचे. प्रत्येकाची लवचीकता वेगळी.

हे बदललं ते पोलादी दांड्यांमुळं. अमेरिकेनं ते १९२० च्या दशकात मान्य केले, सेंट अँड्रूजच्या नियामकांनी १९२९ मध्ये. दांडे कारखान्यात एकसारखे बनू लागले, नावं जाऊन नंबर आले, आणि पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर असा चढत्या पायऱ्यांचा संच तयार झाला. पाठोपाठ १९३८-३९ मध्ये पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवण्याची मर्यादा आली. आता प्रत्येक क्लबला स्वतःचं अंतर होतं. सात नंबर दीडशे जात असेल तर सहा नंबर एकशे साठ. माझ्या मते अंतरमोजणीची खरी गरज इथं जन्माला आली. पिशवीत चौदा ठरावीक उत्तरं तयार असली, की प्रश्नही नेमका विचारावा लागतो.

निक्लसचं पाहून इतरही मोजू लागले. खेळाडूची पिशवी उचलणारे कॅडी चाकाचं मोजमापयंत्र ढकलत सरावाच्या दिवशी कोर्स पालथा घालू लागले. त्यातून यार्डेज बुक आलं: प्रत्येक होलाचं रेखाचित्र, बंकर ओलांडायला किती, पाण्यापर्यंत किती, ग्रीनच्या अलीकडच्या कडेपर्यंत किती. सामान्य खेळाडूंसाठी कोर्सवाल्यांनी १५० यार्डांवर खांब रोवले किंवा झुडपं लावली, आणि पाण्याच्या स्प्रिंकलरच्या झाकणांवर आकडे कोरले.

आपल्याकडे हा खेळ फार लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. पण इथल्या कोर्सवर कित्येक दशकं अंतर सांगणारं पुस्तक म्हणजे कॅडीच. पुण्या-मुंबईच्या कोर्सवर पिशवी उचलणाऱ्या कॅडींचं हे ज्ञान आपण पुरेसं मानत नाही, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या झाडापासून किती, पावसाळ्यात किती कमी पळेल, संध्याकाळी वारा कुठून फिरतो, हे त्यांना पाठ असतं.

लेझरकडे येऊ. पहिला लेझर थिओडोर मेमननं मे १९६० मध्ये चालवून दाखवला. नऊ वर्षांनी अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर शंभर छोट्या प्रिझमची एक चौकट ठेवली. प्रकाश ज्या दिशेनं येतो त्याच दिशेनं परत पाठवायचा, एवढंच तिचं काम. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडायचा, तो परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून चंद्राचं अंतर काढायचं. आज अनेक कोर्सवर झेंड्याच्या काठीला वरच्या टोकाला जो चकचकीत प्रिझम बसवलेला दिसतो, त्याचं तत्त्व तेच.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर बुशनेलसारख्या कंपन्यांनी डोळ्याला अपाय न करणारा लेझर दुर्बिणीच्या आकारात बसवून बाजारात आणला. ही यंत्रं सहसा ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सोडतात, म्हणून तो दिसत नाही. दीडशे यार्डांवर जाऊन परत यायला या प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एका यार्डाचा फरक पकडायचा तर सुमारे सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. हातात मावणारी वस्तू हे करते, याचं मला आजही नवल वाटतं.

लेझरची अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. काठी बारीक, हात हलतो, आणि मागं झाडी असेल तर यंत्र झेंड्याऐवजी झाडाचं अंतर सांगतं. म्हणून पुढच्या यंत्रांत, एकाहून अधिक परावर्तनं आली तर सगळ्यात जवळचं धरायचं, अशी सोय झाली; झेंडा सापडला की काही यंत्रं हातात थरथरून सांगतात. घेण्याआधी हे स्वतः करून पाहा. दुकानात समोरच्या भिंतीवर रोखून काही कळत नाही. मागं झाडं असलेली एखादी बारीक काठी शोधा आणि लागोपाठ दहा वेळा मोजा. दहापैकी किती वेळा तोच आकडा येतो, ते पाहा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: धुक्यात आणि दाट पावसात प्रकाश थेंबांवरूनच परततो, मग लेझरचं काही चालत नाही.

जीपीएसची वाट निराळी. ही व्यवस्था अमेरिकी लष्कराची. नागरी वापरासाठी सोडलेल्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. त्यामुळं जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होती. गोल्फमध्ये शंभर मीटर म्हणजे सगळंच गेलं. १ मे २००० च्या मध्यरात्री ती मिसळ बंद केली गेली आणि एका रात्रीत जगभरातल्या साध्या यंत्रांची अचूकता कितीतरी पटींनी सुधारली. त्यानंतर काही वर्षांतच खिशात ठेवायची गोल्फ यंत्रं आली, मग घड्याळं आली, मग मोबाइलवरची ॲप्स.

जीपीएसला झेंडा दिसावा लागत नाही. टेकाडाआड लपलेलं ग्रीन असो की कोनात वळणारा होल, घड्याळाकडे बघितलं की ग्रीनची अलीकडची कड, मध्य आणि पलीकडची कड असे तीन आकडे मिळतात. नवख्या खेळाडूला हे तीन आकडे झेंड्याच्या एका आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे माझं ठाम मत. ग्रीन पुढून मागं तीस यार्ड लांब असेल तर अलीकडची आणि पलीकडची कड यांत दोन-तीन क्लबांचा फरक पडतो, आणि आपल्यासारख्यांनी मध्यावर मारण्यात शहाणपण आहे. फक्त हे यंत्र नकाशावर चालतं. ग्रीन नव्यानं बांधलं आणि नकाशा जुनाच राहिला, तर ते तितक्याच खात्रीनं चुकीचा आकडा सांगेल. आपण खेळतो तो कोर्स नकाशात आहे का आणि तो कधी सुधारला, हे पैसे देण्याआधी विचारावं.

नियमांनी या यंत्रांना सहजासहजी आत घेतलं नाही. पूर्वीचा नियम १४-३ अंतर मोजणारी कृत्रिम साधनांना सरळ मनाई करत होता. यार्डेज बुक चालायचं, लेझर नाही. २००६ पासून, स्थानिक समितीनं परवानगी दिली तर केवळ अंतर सांगणारी यंत्रं चालतील अशी वाट उघडली. २०१४ मध्ये यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेनं आपल्या हौशी स्पर्धांत ती येऊ दिली. यंत्रात चढ-उतार मोजायची सोय नुसती असली, बंद का असेना, तरी ते बाद ठरायचं. २०१६ पासून ती सोय वापरली नाही म्हणजे झालं. आणि २०१९ च्या नव्या नियमावलीनं बाजू पालटली: नियम ४.३ प्रमाणं यंत्र मुळातच चालतं, नको असेल तर समितीनं तसं जाहीर करायचं. पहिल्या चुकीला दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्या चुकीला स्पर्धेतून बाद.

मोठ्या स्पर्धांत पीजीए चॅम्पियनशिपनं २०२१ मध्ये किआवा आयलंडवर ही यंत्रं येऊ दिली. ती स्पर्धा पन्नास वर्षांच्या फिल मिकेल्सननं जिंकली आणि तो मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन यांनी दार बंदच ठेवलं. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेनंही काही आठवडे चाचणी म्हणून ती वापरू दिली.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. मास्टर्सचा ऑगस्टा कोर्स गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर आखणारे अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हे पेशानं डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांनी बोअर सैनिकांचे लपवलेले खंदक पाहिले आणि जमिनीच्या उठावानं डोळ्याला कसं फसवता येतं, याचा ध्यास घेतला. ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे बंकर असा मांडायचा की तो ग्रीनला लागूनच आहे असं वाटावं आणि झेंडा जवळ भासावा. मधला खोलगट भाग नजरेआड गेला की अंतर आकसतं. हा आखणीचा भाग आहे, कोर्सचा बचाव आहे. लेझरनं तो एका क्षणात भेदला जातो. तरीही, आपण ज्या कोर्सवर महिन्यातून दोनदा, तेही बऱ्याचदा कॅडीविना खेळतो, तिथं यंत्र नाकारण्यात मला अर्थ दिसत नाही.

पण यंत्र सांगतं ते निम्मंच. झेंडा किती लांब, हे त्याला कळतं. तुमचा सात नंबर किती जातो, हे तुम्हालाच ठाऊक हवं. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की अव्वल खेळाडू आणि इतर यांच्यातल्या फरकाचा सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांचा असतो. पटिंगचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा, त्याहून बराच कमी. अंतर आणि क्लब यांची जोडी जुळते ती नेमकी या फटक्यांत.

म्हणून यंत्र घेतल्यावर पहिला महिना ते झेंड्यावर कमी आणि स्वतःच्या फटक्यांवर जास्त रोखा. मोकळ्या वेळी कोर्सवर एकाच जागेवरून एका क्लबनं दहा चेंडू मारा, जिथं पडले तिथं जा आणि मागं वळून सुरुवातीच्या जागेपर्यंत मोजा. सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा सोडून द्या. उरलेल्यांचा मधला आकडा लिहून ठेवा. सरावाच्या रेंजवरच्या चेंडूंवर हे करू नका, ते बहुधा कमी जातात. आणि चेंडू पडतो कुठं आणि थांबतो कुठं, हे वेगळं लिहा. मे महिन्यात आपली जमीन इतकी टणक होते की चेंडू पडल्यावर कितीतरी यार्ड पळतो. ऑगस्टमध्ये पडतो तिथंच रुततो. लेझरचा आकडा दोन्ही महिन्यांत दीडशेच असतो.

माझ्या वहीचं पहिलं पान असं भरलं: पुण्यातला एक चढावरचा होल. लेझरनं १४८ दाखवले, चढ मोजायची सोय नियमाप्रमाणं बंद. माझा सात नंबर दीडशे जातो म्हणून मी तोच काढला. कॅडीकाका पिशवी खांद्यावर घेऊन उभे होते. म्हणाले, “सर, एकशे साठ धरा. सहा घ्या.” मी सातच मारला. चेंडू अलीकडच्या बंकरमध्ये गेला.

चढ किती आणि क्लब कोणता, हे यंत्रानं सांगितलं तर दंड आहे. कॅडीनं सांगितलं तर नाही. त्या दिवसापासून वहीत त्या होलासमोर दोन आकडे आहेत: लेझरचा १४८ आणि काकांचा १६०.