ग्रॅमचा हिशेब आणि ताईचा चहा

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येतात. गिऱ्हाइकासमोर धार निघते आणि फेसाळ पेला हातात पडतो. परवा तिथं भाचा भेटला. काखेत जिमजवळच्या दुकानातून आणलेला, छोट्या घागरीएवढा प्रोटीन पावडरचा डबा. मला म्हणाला, "मामा, ह्याच्या एका स्कूपात 24 ग्रॅम प्रोटीन हाय. तुमच्या पेल्यात किती?"

पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण 9-10 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे पेला हरला. पण डब्यातली पावडरही दुधाचीच. आपण लिंबू पिळून दूध नासवतो तेव्हा पनीर वर येतं आणि खाली पिवळसर पाणी उरतं. चीजच्या कारखान्यात निघणारं असंच पाणी गाळून, वाळवून व्हे प्रोटीन तयार होतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन, म्हणजे पनीरमध्ये जाणारं, आणि 20 टक्के व्हे. तेव्हा भाचा आणि मी भांडत होतो ते दूध आणि दूध यांच्यावरून.

फरक सोबत येणाऱ्या ऐवजात आहे. 24 ग्रॅम प्रथिनं म्हशीच्या दुधातून घ्यायची तर सहाशे मिलिलिटरच्या पुढं प्यावं लागतं. त्यातून 40 ग्रॅमच्या आसपास चरबी आणि सहाशेच्या वर कॅलरी पोटात जातात. स्कूपात कॅलरी 120 च्या घरात. पहाटे तालमीत जोर-बैठका मारून आखाड्याच्या मातीत घुमणाऱ्या पैलवानाला त्या कॅलरी हव्याच असतात. भाचा मात्र दिवसभर कंप्युटरसमोर बसतो.

(धारोष्ण दुधाचं कौतुक मलाही आहे, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. मी ते घरी नेऊन उकळतो. कट्ट्यावरचे लोक हसतात, हसू देत.)

मग कागद घेऊन बसलो. भारतीय शिफारशीनुसार धडधाकट प्रौढाला दर किलो वजनामागं रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. भाचा 70 किलोचा, म्हणजे 58 ग्रॅम. दोन भाकरी, दोन चपात्या, वाटीभर आमटी, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध एवढ्यात पन्नाशी ओलांडते. नेमानं वजनं उचलायची तर गरज वाढून शंभरपर्यंत जाते. तेव्हा एक स्कूप काही वावगा नाही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं तेवढं डॉक्टरांना विचारावं. प्रथिनांचं एवढंच. घरातली खरी गफलत ग्रॅममध्ये नव्हतीच.

शाहू महाराजांचं कुस्तीचं खासबाग मैदान 1912 मध्ये उभं राहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये काम करणाऱ्या कासिमिर फंक या पोलिश शास्त्रज्ञानं जीवनसत्त्वांना 'व्हिटामिन' हे नाव दिलं. पोटभर खाऊनही कणभर कशाच्या तरी अभावानं माणूस आजारी पडतो, हा विचार तेव्हा नवा होता. पैलवानाचा खुराक शेरात मोजणाऱ्या जगाला तर फारच नवा.

आता ताईचं बघा. हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला लोहाची गोळी दिलेली. ती गोळी घेते सकाळच्या दुधाच्या चहासोबत. चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात आणि शोषण निम्म्याहूनही खाली आणतात. दुधातलं कॅल्शियम त्यात भर घालतं. म्हणजे गोळी बरीचशी वाया. उलट लिंबातलं क जीवनसत्त्व लोह विरघळलेलं ठेवतं आणि आतड्याला ते घेता येतं. मिसळीच्या ताटात किंवा तांबड्या रश्शाशेजारी लिंबाची फोड असते ती शोभेला नसते. मटणातलं लोह तर अशा अडथळ्यांना फारसं जुमानत नाही, शिवाय भाकरी-भाजीतलं लोहही शोषायला मदत करतं.

"मी गूळ खाते की रोज," ताई म्हणाली. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणं जिवावर येतं. पण 10 ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह भरत नाही आणि बाईची रोजची शिफारस आहे 29 मिलिग्रॅम. गूळ चवीसाठी खावा, आणि तेवढ्यासाठीही तो खाण्यालायक आहेच.

दाजींचा प्रश्न त्याहून बारीक, मायक्रोग्रॅमचा. माळकरी माणूस, मांस-अंडं वर्ज्य, आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन. पायाला मुंग्या येतात, ते 'साखरेमुळं' म्हणून सोडून देतात. ब-12 हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, झाडं बनवत नाहीत. शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. पेलाभर दुधात सुमारे 1 मायक्रोग्रॅम, गरज दोन-अडीच. त्यात मेटफॉर्मिन त्याचं शोषण कमी करतं. कमतरता लांबली तर नसांना कायमची इजा होऊ शकते.

गोळीवर 1500 मायक्रोग्रॅम लिहिलेलं पाहून दाजी दचकले. पण जठरातून येणारं एक प्रथिन ब-12 ला आतड्यात पोचवतं आणि त्याची एका खेपेची ताकद दीड-दोन मायक्रोग्रॅमचीच. त्यावरच्यातलं जेमतेम 1 टक्का आपोआप झिरपतं. म्हणून आकडा एवढा मोठा.

ड जीवनसत्त्वाचं गणित उलटं. ते चरबीत साठतं. आठवड्याला एक म्हणून दिलेली 60,000 युनिटची पुडी कुणी रोज घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर येतं.

दाजींची तपासणी झाली. ब-12 कमीच निघालं आणि डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. ताईनं गोळी दुपारी लिंबूपाण्यासोबत घ्यायचं कबूल केलंय. तासभर मागं-पुढं चहा नको म्हटल्यावर मात्र ती म्हणाली, "ते तुझ्या पुस्तकात ठेव."